हिरवी वसई आणि ‘बाहेरची’ माणसं

वसई तालुक्यात नव्या इमारती हव्यात की नकोत, असा प्रश्न विचारलात तर उत्तर काय मिळेल हे तुम्ही रेल्वेच्या कुठल्या बाजूला उभे आहात यावर ठरतं. पश्चिमेला गास, भुईगाव, निर्मळ, वाघोली, आगाशी या गावांत विचाराल तर म्हणतील, एक वीटही नको. पूर्वेला तुळींज, आचोळे, संतोष भुवन इथं विचाराल तर माणसं प्रश्नच बदलतात. ती म्हणतात, इमारतीचं सोडा, आधी पाणी द्या, गटार द्या आणि आहे ते घर पाडू नका. मी सोपाऱ्याचा, म्हणजे पश्चिमेचा. पण नात्यागोत्यातली निम्मी माणसं पूर्वेला राहतात. त्यामुळे ईदच्या दिवशी दोन्ही उत्तरं एकाच दस्तरख्वानवर ऐकायला मिळतात आणि शीरखुर्मा संपला तरी वाद संपत नाही.

‘नालासोपारा’ म्हटलं की लोकांना लोकलची गर्दी आठवते. सोपारा त्याच्याही फार आधीचा. इथल्या बुरुड राजाच्या कोटाचं उत्खनन भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली केलं, तेव्हा मातीच्या ढिगाऱ्याखालून बौद्ध स्तूप निघाला. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात सापडला आणि दुसरा १९५६ साली शेजारच्या भुईगावात. अरब प्रवाशांनी या बंदराचा उल्लेख ‘सुबारा’ असा केला आहे. आम्ही कोकणी मुसलमान त्या बंदराच्या काळाशी आपलं नातं जोडतो. इथं शतकानुशतकं कोणी ना कोणी बाहेरून आलेलं आहे, एवढं ध्यानात राहावं म्हणून हे सांगितलं.

आता हिरव्या पट्ट्याविषयी. मुंबईच्या माणसाला वाटतं की ‘हिरवी वसई’ म्हणजे रविवारी गाडी काढून बघायची नारळाची झाडं. प्रत्यक्षात तो पट्टा म्हणजे माणसानं राबून उभी केलेली पाण्याची व्यवस्था आहे. समुद्र इतका जवळ, तरी विहिरीला गोडं पाणी, कारण पावसाचं पाणी वाळूतून झिरपून खाली साठतं आणि खारं पाणी मागे रेटून धरतं. हे साठवण वाढवण्यासाठी पूर्वजांनी बावखलं खणली. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. पावसाळ्यात ते तुडुंब भरायचं, उन्हाळ्यात शेजारच्या विहिरीला पाझर द्यायचं. रहाटानं पाणी काढून पानवेली, केळी, भाजी, मोगरा पिकवायचा. इथली विड्याची पानं एके काळी पाकिस्तानपर्यंत जायची. आगाशीची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी, अजूनही एखाद्या घरी मिळतात. भाव ऐकून माणूस थबकतो, पण त्यामागचे कष्ट पाहिले तर थबकणार नाही.

या व्यवस्थेचा एक गुण असा की ती कुणा एकट्याच्या मालकीची नाही. बावखल माझ्या वाडीत असलं तरी पाझर तुमच्या विहिरीला मिळतो. मी ते बुजवून बंगला बांधला, तर तुमची विहीर खारी होते आणि मला त्याचा पत्ताही नसतो. नव्वदच्या दशकात इथल्या विहिरींतून टँकर भरभरून पाणी विकलं जाऊ लागलं, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले ते यामुळेच. टँकरवाला पैसे एका विहिरीच्या मालकाला द्यायचा, पाणी मात्र अख्ख्या गावाचं न्यायचा.

१९८८ च्या सुमारास सरकारनं वसईची जमीन नागरीकरणासाठी मोकळी करायचं ठरवलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली ती त्या काळात. दिब्रिटो पुढे, २०२० साली, धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि जुलै २०२४ मध्ये गेले. एक कॅथलिक धर्मगुरू बिल्डर आणि गुंडांच्या विरोधात सभा घेतो आणि त्या सभेला वाडवळ, भंडारी, कोळी, आगरी, आदिवासी, मुसलमान सगळे येतात, हे आज सांगितलं तर नव्या पोरांना खरं वाटत नाही. आमच्या मोहल्ल्यातली वडीलधारी माणसं त्या सभांना सायकलवरून जायची. त्यांना शासन निर्णय कळत नव्हते, पण विहिरीच्या पाण्याची चव कळत होती.

पुढचा इतिहास सरकारी आहे, तो भराभर सांगतो. १९९० साली सिडकोला नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. २००७ साली २०२१ पर्यंतचा विकास आराखडा मंजूर झाला. २००९ साली चार नगरपालिका आणि ५३ गावं मिळून महापालिका झाली आणि गावं वगळा म्हणून पुन्हा आंदोलन पेटलं. २०११ साली सरकारनं २९ गावं वगळण्याचा निर्णय घेतला, तो कोर्टात अडकला आणि वर्षानुवर्षं अडकूनच राहिला. २०१६ साली एमएमआरडीएचा प्रादेशिक आराखड्याचा मसुदा आला, तेव्हा वसईतून हजारोंनी हरकती गेल्या. इथल्या म्हाताऱ्या बायकांना ‘एफएसआय’ हा शब्द पाठ आहे, तो असा.

हे सगळं एका बाजूचं. आता रूळ ओलांडू.

२०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती. ही माणसं आभाळातून पडली नाहीत. गिरण्या बंद झाल्या, मुंबईतली भाडी झेपेनाशी झाली, चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत तिसरी पिढी मावेनाशी झाली, तेव्हा ती लोकलच्या शेवटच्या स्टेशनांकडे सरकत आली. त्यात कोकणातला मराठी माणूस होता, गुजराती होता, उत्तर भारतीय होता. आणि १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुसलमान होता. ज्यांची घरं जळली किंवा जळतील अशी भीती बसली, ती कुटुंबं मुंब्रा, मीरा रोड आणि इकडे नालासोपाऱ्याकडे आली. माझी खाला त्यातलीच. तिला ‘हरित पट्टा’ माहीत नव्हता. जिथं रात्री झोप लागेल अशी जागा तिला हवी होती, आणि ती परवडेल अशी हवी होती.

त्यानंतरही हा ओघ थांबला नाही. पगार बरा असलेला मुसलमान मुलगा आज मुंबईत भाड्यानं घर शोधायला निघाला, तर एजंट आधी नाव विचारतो, मग म्हणतो, ‘सोसायटी का इश्यू है.’ कायद्याचाही इथं फारसा आधार नाही. सहकारी गृहनिर्माण संस्था आपलं सभासदत्व एका समाजापुरतं ठेवू शकते, असा निकाल सुप्रीम कोर्टानं २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात दिला होता. मग उरतं काय? जो नाव विचारत नाही तो बिल्डर. आणि जो नाव विचारत नाही, तो बहुतेक वेळा स्वतःचे कागदही दाखवत नाही.

पूर्वेकडचा धंदा यावर चालला. शेतजमीन, आरक्षित भूखंड, वनजमीन, पाणथळ, जे सापडेल त्यावर चाळी आणि चार-चार मजले उभे राहिले. घेणाऱ्याला रंगीत झेरॉक्स दाखवायची, त्यावर सीसीचा शिक्का. तो शिक्का खरा की खोटा हे ओळखायची अक्कल रिक्षा चालवणाऱ्यानं, जरीकाम करणाऱ्यानं कुठून आणायची? शिवाय घर घेतल्यावर घरपट्टीची पावती येते, वीज मीटर लागतं, मतदार यादीत नाव चढतं. माणूस म्हणतो, सरकारनंच मान्य केलं की. अनधिकृत बांधकामालाही कर लागतो, वर शास्तीही लागते आणि तरी ते अनधिकृतच राहतं, हे त्याला कळतं ते नोटीस दारावर चिकटल्यावर.

आचोळ्यात असंच झालं. सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या होत्या. मुंबई हायकोर्टानं त्या पाडण्याचा आदेश दिला, सुप्रीम कोर्टातही दिलासा मिळाला नाही आणि नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात त्या जमीनदोस्त झाल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबं रस्त्यावर आली. दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर होत्या. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला एका अनधिकृत इमारतीचा भाग बाजूच्या चाळीवर कोसळला. १७ माणसं गेली. ती इमारत तेरा-चौदा वर्षांचीच होती.

पश्चिमेकडच्या आमच्या लोकांनी या बातम्या वाचल्या आणि बऱ्याच जणांची प्रतिक्रिया होती, ‘बरं झालं, कुठंतरी चाप बसला.’ मला ती प्रतिक्रिया खटकली. कायदा पाळला जाऊ नये असं माझं म्हणणं नाही. पण ज्या भूखंडावर सांडपाण्याचं केंद्र व्हायचं होतं तो गेला, म्हणजे लाखो लोकांचं सांडपाणी नाल्यातून खाडीत जात राहिलं. ती खाडी पश्चिमेच्या शेतांना लागून आहे. पूर्वेचा आरक्षित भूखंड आणि पश्चिमेचं बावखल ही एकाच व्यवस्थेची दोन टोकं आहेत. एक बुजवलं की दुसरं नासतं. जुलै २०१८ च्या पुरात हे सगळ्यांनी पाहिलं. तुंगारेश्वरच्या डोंगरावरून येणारं पाणी पूर्वी सखल शेतं, मिठागरं यांतून पसरत खाडीला जायचं. वाटेत भराव झाले, पाणी अडलं, लोकल बंद पडल्या, मिठागरातली शेकडो माणसं अडकून पडली. बंगले आणि चाळी दोन्हींत पाणी शिरलं. महापालिकेला नंतर नीरी आणि आयआयटीच्या तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. जुन्या शेतकऱ्यांना पाण्याची वाट आधीच ठाऊक होती. त्यांना विचारायला कुणी गेलं नव्हतं, इतकंच.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या गावात एक बैठक होती. २०२१ ला जुन्या आराखड्याची मुदत संपली, नवा आराखडा यायचा आहे, त्याआधी गावाचं निवेदन तयार करायचं होतं. मला कागद लिहिता येतो म्हणून बोलावलं होतं. बोलता बोलता एक तरुण उभा राहिला. चांगला शिकलेला, बावखलांचे नकाशे रात्र-रात्र जागून करणारा मुलगा. तो म्हणाला, ‘हा झोन उठला ना, तर दहा वर्षांत इथं सगळे बाहेरचे भरतील. भय्ये भरतील, मुसलमान भरतील. मग काय वाचवणार आपण?’ दोन-चार टाळ्या पडल्या. मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. ‘म्हणजे तुम्ही नाही हो, भाई,’ तो घाईनं म्हणाला. ‘तुम्ही आपलेच.’

त्याच्या मनात द्वेष आहे असं मला वाटत नाही. पण ‘तुम्ही आपलेच’ हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलोय आणि त्यात दरवेळी माझ्या खालाला दाराबाहेर ठेवलेलं असतं. मी त्याला विचारलं, ‘बाबा रे, गेल्या तीस वर्षांत या गावातल्या वाड्या विकल्या कुणी?’ खोलीत शांतता झाली. कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. बाहेरच्यानं जमीन विकत घेतली खरी, पण सातबाऱ्यावरची सही गावातल्याची होती. आमच्या मोहल्ल्यातही तेच. वडील गेले, वारसाहक्कानं भावांना वाटा, बहिणींना वाटा, दहा गुंठ्यांचे पाच तुकडे. शेती परवडत नाही, पोरं आखातात, तिथून परत आलेल्याला धंद्याला भांडवल हवं. एक विकतो, मग शेजारच्याची विहीर आटते, मग तोही विकतो. यात कुणाला खलनायक करावं हे मला कळत नाही. विकणाऱ्याला नक्कीच नाही.

एका म्हाताऱ्या बाईनं मग वेगळाच मुद्दा काढला. ती सामवेदी बोलीत बोलत होती, शेजारची पोर मला नीट सांगत होती. बाईचं म्हणणं असं की, माझ्या धाकट्याचं लग्न ठरत नाही कारण घरात खोली नाही. झोनमुळे मला वरती एक खोली काढायची तर शंभर कागद. आणि रस्त्यापलीकडे रिसॉर्ट झालं, तिथं तरणतलाव झाला, त्याला कोण विचारतंय? हा प्रश्न हरित पट्ट्याच्या प्रत्येक गावात आहे. संरक्षणाचा जाच ज्याच्या नावावर दोन गुंठे आहेत त्याला होतो. ज्याच्या नावावर वीस एकर आहेत, तो झोन बदलून आणू शकतो.

मी त्यांना तिथं एक गोष्ट सांगितली. मदरशात लहानपणी ऐकलेली. अरबस्तानात ‘हिमा’ नावाची पद्धत होती. चराईचं एखादं कुरण राखून ठेवायचं, तिथं मनाला येईल तसं कुणी जनावरं सोडायची नाहीत. हजरत उमर खलिफा असताना त्यांनी अशा एका हिमावर हुनै नावाचा राखणदार नेमला. त्याला काय बजावलं ते हदीसमध्ये नोंदलेलं आहे. ज्याच्याकडे मोजकी शेरडं किंवा थोडेसे उंट आहेत त्याला आत येऊ दे, पण उस्मान आणि अब्दुर्रहमान बिन औफ यांच्या कळपांना येऊ देऊ नकोस, असं त्यांनी सांगितलं. हे दोघे पैगंबरांचे मोठे सहकारी, मदिनेतले सधन. उमर यांचं कारण असं की, या दोघांची जनावरं मेली तर त्यांच्याकडे खजुराच्या बागा आणि शेती आहे, पण गरिबाची मेली तर तो पोराबाळांना घेऊन माझ्या दारात उभा राहील. आणि हे सांगताना त्यांनी हेही म्हटलं की ही जमीन मुळात या लोकांचीच आहे, आपण तिला कुंपण घातलं म्हणजे ते आपल्याला जुलमी समजणारच.

बैठकीतले एक निवृत्त मास्तर म्हणाले, ‘भाई, हे आपल्या डीसी रूलमध्ये घालायला हवं.’ लोक हसले. मला मात्र त्यात चेष्टा वाटली नाही. हिमाचं कुंपण मोठ्या कळपासाठी होतं. आपल्याकडे कुंपण घातलं की ते आपोआप लहानांवर बसतं आणि मोठ्यांसाठी फाटक निघतं.

म्हणून माझं म्हणणं मी तिथं मांडलं ते असं. बावखलं, पाणथळी, खाजण, मिठागरं यांवर एक वीट नको, तिथं घासाघीस नाही. मग बांधणारा बाहेरचा असो की माझा सख्खा भाऊ. गावातल्या माणसाला आपल्या गावठाणात खोली वाढवायची सोय हवी. आणि तिसरी गोष्ट, जी पश्चिमेच्या निवेदनांत कधीच नसते, ती म्हणजे स्टेशनजवळ, आधीच काँक्रीट झालेल्या भागात सरकारनं कायदेशीर आणि परवडणारी घरं बांधावीत, ज्यांची घरं पाडली जातात त्यांना आधी तिथं जागा द्यावी. ही मागणी आपण करायला हवी. आपण ती केली नाही तर बिल्डर करतो. तो झोन उठवायला जाताना हातात कायम गरिबाच्या घराचाच झेंडा घेऊन जातो आणि पाणथळीवर गरिबाला आणून बसवतो. पाणी भरलं की पहिला तोच बुडतो, नोटीस आली की पहिला तोच निघतो, आणि गावातली माणसं त्यालाच शिव्या देतात.

यावर बराच वाद झाला. एक जण म्हणाला, आपलं गाव वाचवायचं सोडून आपण पूर्वेची वकिली कशाला करायची? दुसऱ्यानं विचारलं, ‘पण सांडपाणी कुठं येतं तेही सांग ना.’ मास्तरांनी फादर दिब्रिटोंच्या जुन्या सभांची आठवण काढली, तेव्हाही कुणी धर्म विचारला नव्हता म्हणाले. मला वाटतं आठवणीत सगळंच थोडं गोड होतं, पण मी काही बोललो नाही. तो नकाशेवाला तरुण बराच वेळ गप्प होता. शेवटी त्यानं लॅपटॉप पुढे ओढला आणि परवडणाऱ्या घरांचं कलम स्वतः टाइप केलं. ‘बाहेरील लोकांचे लोंढे’ असे शब्द मसुद्यात वर कुठंतरी होते, ते त्यानं काढले की नाही हे मी पाहायला वाकलो. त्यानं ‘लोंढे’ काढलं होतं. ‘बाहेरील लोक’ ठेवलं होतं.

निवेदनाच्या प्रती घरोघरी गेल्या. काहींनी ते तिसरं कलम पेनानं खोडून खाली सही केली. बऱ्याच जणांनी ते तसंच ठेवलं. त्या म्हाताऱ्या बाईनं अंगठा उठवताना विचारलं म्हणे, यात माझी खोली लिहिली आहे ना? लिहिली होती, दुसऱ्या कलमात. कार्यालयात मी सगळा गठ्ठा एकत्रच दिला, खोडलेले आणि न खोडलेले. आवक विभागातल्या माणसानं वरच्या प्रतीवर शिक्का मारला, पोच दिली आणि सांगितलं, सुनावणीची तारीख कळवू. अजून कळवलेली नाही.